वायर्ड हेडसेट निवडताना: आधी पिन, मग माईक, मग आवाज



मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचं छोटं काउंटर टाकायचं ठरवलेल्या प्रत्येक बॅचमध्ये मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आता सगळेच ब्लूटूथवर गेलेत. वायरवाला हेडसेट ठेवायचा की नाही?"

माझं उत्तर आहे, ठेवायचाच. पण निवडून. ठोक बाजारात पुडक्याने मिळतोय म्हणून पुडकं उचललं, असं नाही.

वायरवाला हेडसेट कोण घेतं ते आधी बघा. दिवसभर फोनवर असलेला डिलिव्हरीवाला घेतो, कारण त्याला अजून एक वस्तू चार्ज करायची नाही. स्पर्धा परीक्षेचे लेक्चर तासन्‌तास ऐकणारी विद्यार्थिनी घेते. एफएम ऐकणारे काका घेतात, कारण बऱ्याच फोनमध्ये हेडसेटची वायरच रेडिओची अँटेना म्हणून काम करते. वायर लावली नाही तर स्टेशनच लागत नाही. घरून ऑर्डर घेणारी ताई घेते, कारण हात पिठात असताना तिला कॉल उचलायचा असतो. आणि ज्यांचं ब्लूटूथ एका कानाचं हरवलंय, ते सगळे घेतात.

हे गिऱ्हाईक दीडशे-दोनशे रुपये मोजून घेतं. रक्कम छोटी आहे, पण त्याच्यासाठी ती विचार करून काढलेली असते. तो हेडसेट दुसऱ्या दिवशी चालला नाही, तर तुमचे दीडशे जातील हा भाग वेगळा. तो माणूस कव्हर, चार्जर, टेम्पर्ड ग्लास घ्यायलाही पुन्हा तुमच्याकडे येत नाही. नवीन दुकानाला हा तोटा जास्त महागात पडतो.

माझ्या काउंटरवर परत येणारे हेडसेट मी नीट बघते. "आवाज आवडला नाही" म्हणून परत आणणारे थोडे. "माझ्या फोनला लागतच नाही", "समोरच्याला माझं ऐकूच जात नाही", "एक कान बंद पडला" ही खरी तक्रार. म्हणून निवडीचा क्रमही तसाच ठेवायचा. आधी पिन, मग माईक, मग कानात बसणं आणि आवाज, शेवटी वायरची मजबुती. खोका आणि त्यावरचा मॉडेलचा फोटो सगळ्यात शेवटी.

पहिलं काम: गिऱ्हाइकाचा फोन हातात घ्या

"हँड्सफ्री दाखवा" असं कोणी म्हटलं की लगेच पाकिटं काढू नका. आधी म्हणा, "दादा, फोन दाखवता का?" आज बाजारात फोनला तीन प्रकारची भोकं सापडतात.

*१. गोल ३.५ एमएमचं भोक.* ही जुनी, ओळखीची पिन. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि स्टिरिओ हेडफोनसाठी ही पिन जगभर घरोघरी गेली. आजही अनेक स्वस्त आणि मधल्या किमतीच्या अँड्रॉइड फोनना ती असते.

या पिनवरच्या काळ्या पट्ट्या मोजायला शिका. दोन पट्ट्या असतील तर पिनचे तीन भाग होतात: डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड. म्हणजे गाणी स्टिरिओ ऐकू येतील, पण माईक नाही. तीन पट्ट्या असतील तर चौथा भाग माईकचा. कॉल करायचा असेल तर तीन पट्ट्यांचीच पिन द्यायची. नुसतं ऐकायचं तो हेडफोन आणि बोलता पण येतं तो हेडसेट, हा फरक पिनवरच लिहिलेला असतो. पॅकेट उघडायचीही गरज नाही.

यात एक पोटभेद आहे. माईक आणि ग्राउंड यांच्या जागा दोन पद्धतींनी ठरलेल्या आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. आजचे जवळजवळ सगळे फोन सीटीआयए पद्धतीचे. ओएमटीपी काही जुन्या फोनमध्ये सापडते. हेडसेट एका पद्धतीचा आणि फोन दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर गाण्याचं संगीत ऐकू येतं पण गायकाचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा येतो. माईकचं बटण दाबून धरलं की आवाज एकदम नीट होतो. असं झालं तर हेडसेट खराब नाही, जोडी चुकली आहे. नवीन माल घेताना सीटीआयएच घ्यायचा. कुठेतरी जुना पडून राहिलेला लॉट स्वस्तात मिळत असेल, तर ही तपासणी केल्याशिवाय हात लावू नका.

*२. टाइप-सी.* इथे नवीन दुकानदार सर्वात जास्त अडकतो. चार्जिंगचीच पिन, म्हणजे सगळ्याला लागणार, असं वाटतं. भोकात जाते सगळ्याच्या, पण वाजत नाही सगळ्याच्या.

टाइप-सी हेडसेट दोन जातींचे असतात. एका जातीत पिनच्या आतच छोटी चिप असते, जिला डॅक म्हणतात. फोनमधून आकड्यांच्या रूपात आलेला आवाज ती कानाला ऐकू येईल असा करते. दुसऱ्या जातीत चिप नसते, नुसत्या वायरी जोडलेल्या असतात. तो हेडसेट फक्त अशाच फोनवर चालतो, ज्याने टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर द्यायची सोय केलेली आहे. अनेक फोनमध्ये ती सोय नसते. त्यामुळे एका फोनवर छान वाजणारा हेडसेट दुसऱ्यावर मुका राहतो. ३.५ एमएम ते टाइप-सी अशा छोट्या कनेक्टरचंही हेच.

तुम्ही ठेवताना डॅक असलेलाच ठेवा. तो थोडा महाग पडतो, पण जास्त फोनवर चालतो. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा, आणि दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर लावून बघा. काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावं लागतं, मगच डॅकवाला हेडसेट वाजतो. हे माहीत नसल्यामुळे चांगला माल "खराब" म्हणून परत येतो. सेटिंग तुम्हीच काउंटरवर करून द्या, गिऱ्हाईक खूश होतं.

अजून एक गोष्ट आधीच सांगून टाका. टाइप-सी हेडसेट लावला की चार्जिंगचं भोक अडतं. दिवसभर मॅप चालू ठेवून चार्जिंगला लावणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला हे परवडत नाही. त्याच्या फोनला गोल भोक असेल तर त्याला ३.५ एमएमच द्या.

*३. आयफोन.* अ‍ॅपलने २०१६ साली आयफोन ७ पासून गोल भोक काढून टाकलं. त्यानंतर बरीच वर्षं लाइटनिंगची पिन होती. २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी आली. म्हणजे "आयफोनचा हेडसेट द्या" एवढ्यावर काही देता येत नाही. चौदापर्यंतचा की पंधरापासूनचा, हे विचारायचं. पंधराच्या पुढे टाइप-सी, तोही डॅकवालाच. लाइटनिंगचा साठा मात्र मर्यादित ठेवा. नवीन आयफोनमध्ये ती पिन येत नाही, त्यामुळे ते गिऱ्हाईक हळूहळू कमीच होणार.

आणि फोनचं कव्हर बघायला विसरू नका! जाड कव्हरमध्ये पिन पूर्ण आत जात नाही आणि मग एकच कान वाजतो. पिनच्या गळ्याशी बारीक असलेला हेडसेट जाड कव्हरला चालतो.

दुसरं काम: माईक रस्त्यावर तपासा

काउंटरवर सगळे गाणं लावून बघतात. माईक कोणी बघत नाही. पण कामाचा माणूस कॉलसाठी घेतो.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. हेडसेट लावा, फोनमधलं रेकॉर्डर अ‍ॅप उघडा, दुकानाच्या दारात उभं राहा, रस्त्याचा आवाज चालू असताना नेहमीच्या आवाजात दोन वाक्यं बोला. मग आत येऊन ऐका. बोलणं वर आणि गाड्यांचा आवाज खाली असेल तर माईक कामाचा. बोलणं गाड्यांत बुडालं असेल तर तो हेडसेट फक्त गाण्यांसाठी विकायचा, आणि तसं सांगून विकायचा.

माईक वायरवर कुठे लटकतो तेही बघा. तोंडाच्या जवळ असावा. फार खाली असेल तर शर्टच्या कॉलरला किंवा ओढणीला घासतो आणि समोरच्याला नुसती खरखर ऐकू जाते.

बटणांचंही लावूनच बघा. एका बटणाचा हेडसेट कॉल उचलायला, ठेवायला आणि गाणं थांबवायला बहुतेक ठिकाणी चालतो. तीन बटणांच्या हेडसेटमध्ये आवाज वाढवायची-कमी करायची बटणं प्रत्येक फोनवर चालतीलच असं नाही.

तिसरं काम: कान आणि आवाज

कानात जाणारा रबरी टोपीचा हेडसेट बाहेरचा आवाज अडवतो, म्हणून त्यात बास जास्त वाटतो. पण टोपी कानात घट्ट बसली तरच. टोपी सैल असेल तर महागडा हेडसेटसुद्धा पत्र्यासारखा वाजतो. त्यामुळे लहान, मधल्या आणि मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्या पाकिटात आहेत ना, ते बघून घ्या. सुट्या टोप्यांचं एक पाकीट दुकानात ठेवा. कमी पैशात बसलेलं गिऱ्हाईक टिकतं.

कानाच्या तोंडाशी अडकणारा, बिनटोपीचा प्रकार बाहेरचा आवाज आत येऊ देतो. दुकानात, किचनमध्ये, गोडाऊनमध्ये काम करता करता बोलणाऱ्याला हा बरा, कारण कोणी हाक मारली तर ऐकू येते. गाडी चालवताना मात्र दोन्ही कान झाकायचे नाहीत, हे तरुण पोरांना स्पष्ट सांगा. विक्री झाली तरी सांगा.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय? "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं. माणसाच्या कानाची साधारण मर्यादाच ती, त्यावरून चांगला-वाईट ठरत नाही. १० एमएम, १४ एमएम हे आतल्या स्पीकरचं माप. मोठा म्हणजे चांगला असं समीकरण नाही. ओहम बघा. मोबाईलसाठी १६ किंवा ३२ ओहमचा हेडसेट ठीक. त्याच्या खूप वर गेलात तर फोन त्याला पुरेशा जोरात वाजवू शकत नाही.

डावा-उजवा तपासायला स्टिरिओ टेस्टचा एखादा व्हिडिओ फोनमध्ये डाऊनलोड करून ठेवा. डाव्यात "लेफ्ट" आणि उजव्यात "राइट" नीट वेगळं ऐकू आलं पाहिजे. दोन्ही कानात एकसारखंच आलं तर स्टिरिओच्या नावाखाली मोनो हातात पडलाय.

आई-वडील मुलांसाठी घ्यायला आले तर आवाजाच्या मर्यादेचं बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांनी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित, मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची. आवाज जितका वाढवाल तितका हा वेळ झपाट्याने कमी होतो. सर्वात जोरात वाजणारा हेडसेट म्हणजे सर्वात चांगला, असं सांगून माल खपवू नका.

चौथं काम: वायर वाकवून बघा

हेडसेट सहसा दोन जागी मरतो: पिनच्या गळ्याशी आणि कानाच्या तुकड्याशी, जिथे वायर आत शिरते. या जागांवर मऊ, लवचिक रबराची बाही असावी. गाणं चालू ठेवा, पिनजवळची वायर चारी बाजूंना हळू वाकवा. एक क्षणही आवाज तुटला किंवा खरखरला तर तो पीस बाजूला. मी ठोकवाल्याकडे उभी राहून हे करते, आणि प्रत्येक लॉटमधले काही पीस मधून-मधून उचलून करते, वरचे नाही.

खिशात फोन ठेवणाऱ्याला एल आकाराची पिन टिकते. टेबलावर ठेवून वापरणाऱ्याला सरळ चालते. विणीची कापडी वायर कमी गुंतते.

आता हिशोब

बीबीएला असताना इन्व्हेंटरी टर्नओव्हर हा शब्द परीक्षेसाठी पाठ केला होता. दुकानात त्याचा अर्थ सोपा आहे: कपाटात लटकलेला हेडसेट म्हणजे लटकलेले पैसे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, जीएसटी बाजूला ठेवू.

*माल अ:* खरेदी ४०, विक्री ९९. समजा शंभर विकले आणि पंचवीस बदलून द्यावे लागले. एकशे पंचवीस पीसचा खर्च ५,००० रुपये. विक्री ९,९००. हातात ४,९००.

*माल ब:* तपासून घेतलेला. खरेदी १६०, विक्री २४९. किंमत जास्त म्हणून शंभरातले सत्तरच घेतात असं धरू. तीन बदलून दिले. त्र्याहत्तर पीसचा खर्च ११,६८०. विक्री १७,४३०. हातात ५,७५०.

टक्केवारीत माल अ भारी दिसतो, आणि भांडवल फारच कमी असेल तर मोह होतो. पण छोट्या दुकानात भांडवल पुन्हा पुन्हा फिरवता येतं, रस्त्यावरून आत येणारी माणसं मोजकीच असतात. माल अ मध्ये पंचवीस माणसं तक्रार घेऊन परत आली. माल ब मध्ये तीन. पुढच्या महिन्यातला फरक या बावीस माणसांत आहे.

याचा अर्थ स्वस्त ठेवायचाच नाही असा नाही. शंभर रुपयांचंच बजेट असणारं गिऱ्हाईकही आपलंच. त्याच्यासाठी एकच मॉडेल, वरच्या चार तपासण्यांतून गेलेलं, ठेवा. दहा मॉडेल लटकवण्यापेक्षा चार ठेवा: एक स्वस्त ३.५ एमएम, एक चांगल्या माईकचा ३.५ एमएम, एक डॅकवाला टाइप-सी आणि मागणीप्रमाणे थोडे लाइटनिंग.

माल उचलताना कागद बघा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, लॅमिंग्टन रोडला, किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलात की भरपूर माल दिसेल. तीन गोष्टी पक्क्या ठेवा.

एक, पक्कं बिल. हेडसेटवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी असेल तरच तो वजा मिळतो. नसेल तर तो तुमच्या खरेदीच्या किमतीतच धरा, नाहीतर नफ्याचा हिशोब चुकतो.

दोन, पाकिटावरचा मजकूर. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. आयात मालावर कुठल्या देशाचा तेही. कोऱ्या पाकिटातला माल तपासणीत तुमच्याच अंगावर येतो.

तीन, "फर्स्ट कॉपी"ला हात लावू नका. मोठ्या कंपनीचं खोटं नाव छापलेला माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. एका हेडसेटमागच्या शंभर रुपयांसाठी ही जोखीम घ्यायची का? बिननावाचा, पण खरा आणि बिलाचा माल विकण्यात काहीच कमीपणा नाही.

बदलून मिळेल का, किती दिवसांत, हेही पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ठोकवाला तुम्हाला सात दिवस देत असेल, तर तुम्ही गिऱ्हाइकाला महिना कबूल करू नका.

काउंटरवरचे पाच प्रश्न

हे एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा. मदतीला ठेवलेला मुलगाही यावर विक्री करू शकतो.

१. फोन दाखवता का? (भोक आणि कव्हर बघा.)
२. कॉल जास्त की गाणी-व्हिडिओ जास्त?
३. कुठे वापरणार: घरात, रस्त्यावर, कामावर?
४. वापरताना चार्जिंग चालू लागतं का?
५. बजेट किती?

मग दोनच हेडसेट समोर ठेवा, दोन्ही त्यांच्याच फोनला लावून दाखवा. "काका, हा घ्या, यात तुमचं एफएम लागतंय बघा" हे ऐकल्यावर काका भाव करत नाहीत.

या आठवड्याचं होमवर्क

माल आणायला जाण्याआधी एक वही घ्या. तीन रकाने करा: गोल, टाइप-सी, लाइटनिंग. दुकान अजून सुरू नसेल तर ओळखीच्या दुकानात, रिक्षा स्टँडवर, कॉलेजच्या गेटवर, बचत गटाच्या बैठकीत लोकांचे फोन बघा. गोल भोक असलेल्या फोनलाही खाली चार्जिंगचं टाइप-सी असू शकतं, त्याची नोंद गोलमध्येच करा. सात दिवसांत जे प्रमाण येईल, त्याच प्रमाणात पहिला माल घ्या. तालुक्याच्या गावचं प्रमाण आणि आयटी पार्कजवळच्या गल्लीचं प्रमाण सारखं येणार नाही, आणि ते माझ्या दुकानावरूनही तुम्हाला कळणार नाही. तुमच्या वहीवरूनच कळेल.

वही भरली की आकडे कमेंटमध्ये टाका, गावाचं नाव लिहा. पहिली खरेदी किती पीसची करावी, ते आपण त्या आकड्यांवरच बोलू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंद्याला शुभेच्छा!